भोगीच्या भाकरीपर्यंतचा हिवाळा

हे मी उजव्या हातानं लिहितेय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, ओळ खाली घसरते, पण छापल्यावर ते तुम्हाला दिसणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. तसं माझं अक्षर कधीच चांगलं नव्हतं. मी शाळेत गेलेली बाई नाही. माझा गोविंद पहिलीत गेला तेव्हा तो पाटावर बसून वाचायचा आणि मी समोर चुलीपाशी. त्याचं पुस्तक मला उलटं दिसायचं. तसंच उलटं बघत बघत शिकले. अजूनही मला पेपर उलटा धरला तरी वाचता येतो.

ज्यांच्या अंगावरून वारं गेलंय, म्हणजे लकवा झालाय, त्यांच्यासाठी लिहितेय. गोळ्या-औषधांचं डॉक्टर सांगतील. मला सांगायचंय ते थंडीचं. कडाक्याच्या थंडीत, काहीच करावंसं वाटत नसताना, हात हलवत कसा ठेवायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, मन खंबीर ठेवा. माझं मन तेव्हा जागेवरच नव्हतं, खंबीर ठेवू काय.

पीठ

दिवाळी होऊन गेली होती. तेलगावात आमच्या शिवारात कापसाची वेचणी चालू होती, आणि हे म्हणजे आमचे मालक सकाळीच रानात गेले होते. मी भाकरी थापत बसले होते. ज्वारीची भाकरी तळहाताखाली परातीत आपोआप गोल फिरते, ज्यांना सवय आहे त्यांना माहीत आहे. त्या दिवशी ती फिरेना. कडा चिरायच्या, मधेच फाटायची.

मला वाटलं पिठाची विरी गेली. पीठ जुनं झालं की त्यातला चिकटपणा जातो, मग आपण उकळतं पाणी घालून मळतो. मी तेच केलं. पातेलं चुलीवरून उतरवलं, पाणी पिठात ओतलं आणि उजवा हात घालून मळायला लागले. पाणी उकळतं होतं आणि मला ते लागलं नाही. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी मात्र पिठालाच शिव्या देत बसले. गिरणीवाल्याला पण दिल्या, त्याचं काही नसताना.

हे जेवायला आले तेव्हा परातीत नुसता चिखल होता.

"तोंड का म्हून वाकडं करतीस?" हे म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. म्हणायला गेले, पीठ खराब आहे. तोंडातून निघालं ते बोलणं नव्हतं. म्हैस रवंथ करते तसा आवाज.

शेजारून माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांनी एका माणसाचं नाव काढलं, तो वाऱ्यावर झाडपाला देतो म्हणे. आमच्या यांनी जन्मभर वहिनीचा शब्द मोडला नव्हता. त्या दिवशी म्हणाले, "वैनी, तुमी सरा बाजूला," आणि भावकीतल्या पोराची जीप बोलावली. तुम्हाला एवढंच सांगते, हात किंवा तोंड असं अचानक ऐकेनासं झालं तर पिठाला दोष देत बसू नका. माझा तेवढा वेळ पिठात गेला.

बीडचा दवाखाना

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय. गोविंद बीडलाच राहतो, तो पळत आला होता. तो ऐकताना भिंतीला टेकला. मी ऐकलं आणि मला काही वाटलं नाही. भीती नाही, रडू नाही. वर पंखा होता, थंडीमुळे बंद होता, त्याच्या पात्यांवर धूळ होती. मला वाटलं हा कुणीतरी पुसायला पाहिजे. बस, तेवढंच.

रोज सकाळी डॉक्टर यायचे. डोळे मिटायला लावायचे आणि उजव्या हाताला कशानं तरी टोचायचे.

"आजी, इथं कळतं का?"

मी मान हलवायची, नाही.

"इथं?"

नाही.

मग डोळे उघडायचे. टोचल्याची खूण दिसायची. ती खूण माझ्या हातावर असायची, पण दुसऱ्याच्या घरात काहीतरी झालंय असं वाटायचं. पाय लवकर सुधारला. जीभ जड होती, तीही हळूहळू सुटली. हात तेवढा मागं राहिला.

बघायला माणसं यायची. केळी घेऊन यायची आणि कुणाला वारं गेलं होतं, तो किती दिवसांत गेला, हे सांगून जायची. मी बोलकी बाई. एरवी एकेकाला बसवून तीन गोष्टी ऐकवल्या असत्या. तेव्हा मी नुसती बघायची. त्यांना वाटायचं मला कळत नाही. कळत सगळं होतं. लागत काही नव्हतं.

एक गोष्ट लक्षात आहे. माझी सून रेखा रोज दुपारी माझी वेणी घालायची. पंधरा वर्षांत तिनं माझ्या डोक्याला हात लावला नव्हता, तशी वेळ आली नव्हती. तेल लावून, भांग काढून, अगदी शाळेतल्या पोरीसारखी घट्ट वेणी. झाली की म्हणायची, "झालं आत्या." त्या दिवसांत दुपार व्हायची वाट मी तेवढ्यासाठी बघायची.

घरी सोडताना व्यायाम शिकवणारी मॅडम आली. पोरगीच होती. एक मऊ चेंडू दिला. दाबायचा, सोडायचा, मूठ उघडायची, बोटं एकेक करून अंगठ्याला लावायची. म्हणाली, "आजी, थंडीत हात जास्त आखडतो. आता हिवाळा आहे, खंड पडू देऊ नका. एकदा मूठ घट्ट बसली की उघडायला लई जड जाईल."

गोविंद म्हणाला, "माय, तुमी दोघं आता इथंच राहा."

त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर. चांगलं घर आहे, मी नावं ठेवत नाही. पण तिथं अंगण नाही, खाली उतरायचं तर कुणाला तरी सांगून उतरायचं. हे म्हणाले, "बघू." आम्ही तेलगावला आलो.

थंडी

हे पहाटे उठणारे. त्यांचं म्हणणं, व्यायाम म्हणजे पहाटेच. कानाला मफलर गुंडाळून माझ्या उशाशी उभे राहायचे.

"अगं, ऊठ. चेंडू."

मी वाकळीत, म्हणजे गोधडीत. डावा हात गरम, उजवा गारठून लाकडासारखा. मूठ वळलेली असायची ती झोपेतच वळलेली. मी म्हणायची, "उद्या." ते म्हणायचे, "काल बी उद्याच म्हणलीस." मग मी दोनदा चेंडू दाबल्यासारखं करायची आणि ते म्हशीकडं गेले की चेंडू पलंगाखाली ढकलायची. एकदा तो कोंबडीनं टोचून बघितला. तिचा व्यायाम माझ्यापेक्षा चांगला झाला.

खरं सांगते, दुखत असतं तर मी केला असता. दुखणाऱ्या माणसाला घाई असते. मला ना दुखत होतं, ना बरं वाटत होतं. चेंडू दाबला तरी तो दाबला गेलाय हे डोळ्यांनी बघावं लागायचं. असल्या कामाला मन कुठून आणायचं?

रेखा काही दिवस राहून पोरांच्या शाळेसाठी बीडला परत गेली. भाकरी जाऊबाईंकडून यायची, फडक्यात बांधलेली. चांगली असायची. मी ती डाव्या हातानं खायची आणि दुसऱ्याच्या ओसरीत जेवल्यासारखं वाटायचं.

वीट

जाऊबाई मनानं चांगल्या. मला पडलेली बघून त्यांना राहवेना. म्हणाल्या, "गारठ्यानं धरलंय हाताला. शेक दिला की मोकळा हुईल." आपल्याकडं शेक म्हणजे वीट. चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची. कंबर धरली की वीट, बाळंतिणीला वीट, माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वीट.

संध्याकाळची वेळ होती. त्यांनी वीट माझ्या उजव्या हाताखाली ठेवली, वर वाकळ ओढली, आणि आम्ही बोलत बसलो. म्हणजे त्या बोलत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी नाक वर केलं.

"काय जळतंय गं? चुलीवर काय ठिवलंस का?"

मी म्हणाले, "न्हाई. तुमच्याकडंच काय तरी लागलं आसंल."

त्या आपल्या घरात जाऊन बघून आल्या. हे गोठ्यातून आले, त्यांनी वास घेतला आणि सरळ येऊन वाकळ ओढली. फडकं काळं पडलं होतं. तळहाताचं मी वर्णन करत नाही. हे हात पाण्यात धरून उभे राहिले, आणि मी त्या हाताकडं बघत होते. तेव्हाही रडू आलं नाही. वाटलं, फडकं चांगलं होतं, वाया गेलं.

तर शेकायचं असेल तर ऐका. बधिर हाताला शेक देऊ नका, आणि कोमट पाण्यात घालायचा तरी आधी चांगला हात घालून बघा. बधिर हात ओरडत नाही.

दुसऱ्या दिवशी गोविंद आला. माझी पट्टी बघितली आणि ओट्यावर बसला.

"माय, भाजलं तरी कळंना तुला. हितं कोण बघणार? आता बास झालं. संक्रांतीला गाडी घिऊन येतो. म्हैस काकूकडं बांधा."

हे म्हशीकडं बघत होते. तिच्या पाठीवर थंडीचं पोतं बांधलं होतं, ते सरकलं होतं, ते उठून नीट करून आले.

मीच म्हणाले, "भोगीची भाकरी मी थापली तर?"

गोविंद म्हणाला, "आन न्हाई थापता आली तर?"

"तर सामान मी बांधीन."

"एका हातानं?" असं म्हणून तो हसला, आणि मग त्यालाच ते लागलं. खाली बघत म्हणाला, "बरं. थापलीस तर राहा."

भोगी म्हणजे संक्रांतीच्या आदला दिवस. बाजरीची तीळ लावलेली भाकरी त्या दिवशी घरोघर होते. बाजरी ज्वारीपेक्षा अवघड, जरा हात कमी पडला की तुटते. मी बोलून बसले, पण तेव्हाही आतून जोर वगैरे आला नव्हता. म्हशीच्या पाठीवरचं पोतं बघून बोलले असेन.

बोंडं

पट्टी होती तोवर हात बंद. पट्टी निघाली तेव्हा मॅडम म्हणाली होती तसंच झालं होतं. मूठ घट्ट. डाव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागायचं, आणि सोडलं की परत आत. थंडीही तेव्हाच वाढली. हे आता पहाटे उठवेनात. मला वाटलं, यांनीही सोडलं.

एका सकाळी ऊन अंगणात उतरल्यावर यांनी एक पोतं आणून ओतलं. कापसाची बोंडं. शेवटच्या वेचणीनंतर पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, काही बोंडं राहतात, ती अर्धवट उमललेली किंवा उमललेलीच नसतात. ती तोडून घरी आणायची, उन्हात बसून फोडायची आणि आतला कापूस ओढून काढायचा. बायकांचं काम. बोंडाची टोकं सुईसारखी असतात, बोटं सोलून निघतात.

"फोडायला बाया मिळंनात," हे म्हणाले, आणि समोर बसले.

व्यायामाचं नाव नाही. मी डाव्या हातात बोंड धरलं. उजव्याच्या दोन बोटांत कापूस येईना. यायचा, निसटायचा. एक बोंड फोडायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात यांच्यापुढं ढीग झाला. त्यांनी वर बघितलं नाही. थोड्या वेळानं माझ्यापुढच्या कापसावर लाल ठिपके दिसले. मी बोट बघितलं, टोक रुतून रक्त आलं होतं, मला पत्ता नाही. यांनी तेवढा कापूस उचलून बाजूला ठेवला.

"डागाचा येगळा ठिवू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन आलं तेव्हा पोतं होतंच. तिसऱ्या दिवशीही. मला कुणी विचारलं, एवढ्या थंडीत कसं मन लावलंत, तर मी सांगते, मन आलं म्हणून बसले नाही, ऊन आलं म्हणून बसले. म्हशीची धार काढताना आपण आपल्याला विचारतो का, आज काढावीशी वाटतेय का म्हणून? ती ओरडायला लागते, आपण उठतो. तसं ते पोतं. बोंडं तिथं होती आणि ती संपत नव्हती. चेंडू दाबून चेंडूच राहायचा. बोंड फोडलं की निदान कापूस निघायचा.

सगळे दिवस असे नव्हते. आभाळ आलं, वारं सुटलं की हात परत आत ओढला जायचा. एकदा तर मी बोंडांनी भरलेलं अख्खं सूप लाथेनं उडवलं, पाय चांगला झाल्याची खात्री तेवढी पटली. त्या दिवशी आत जाऊन पडले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी उडालेली बोंडं वेचून परत सुपात ठेवलेली होती.

विटेनंतर जाऊबाई आमच्या अंगणात पाय ठेवेनात. भाकरी कुणाच्या तरी हाती धाडायच्या. एका दुपारी आल्या, लांब बसल्या, एक बोंड उचललं.

"सरपंचासारखी बसतीस की उन्हात."

"मग या की, मेंबर व्हा."

बराच वेळ दोघी फोडत बसलो. मग त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मला वाटलं, गरम लागलं तर सांगशील."

"मला बी तसंच वाटलं," मी म्हणाले.

त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "माझा दीर खोटं बोलला बरं का. बाया मागं लागल्यात्या बोंडं द्या म्हणून. एकीला बी दिली न्हाईत."

मी यांना ते कधी विचारलं नाही.

भोगी जवळ आली तशी मी रोज एक भाकरी थापायला बसायची. थापायची, तुटायची, म्हशीपुढं टाकायची. त्या दिवसांत म्हैस चांगली भरली. बोटं उघडायला लागली होती, पण अजून कळत काही नव्हतं. परातीवर हात पडतोय हे आवाजावरून समजायचं.

भोगी

गोविंद आणि रेखा सकाळीच आले. गाडी रिकामी, मागची सीट सामानासाठी आडवी पाडलेली. मी ती बघितली.

बाजरी जाऊबाईंनी कालच दळून आणली होती. चुलीपाशी बसले तर सगळे दारात उभे. जशी काही कुस्ती लागलीय.

"असं बघत बसू नका, माणसाला थापता येत न्हाई," मी म्हणाले.

कुणी हललं नाही. पहिली भाकरी उचलतानाच तुटली. गोविंदनं तोंड फिरवलं. मी पीठ गोळा केलं, परत मळलं. दुसरी थापली. लहान झाली, एका बाजूनं जाड. तीळ लावले ते एकाच ठिकाणी जास्त पडले. परात कलती करून डाव्या हातावर घेतली, उजव्याचा आधार दिला, आणि तव्यावर टाकली. पडली. अख्खी पडली.

मग वरून पाणी फिरवायचं असतं. उजवा हात पाण्यात बुडवला आणि भाकरीवर फिरवायला गेले. कडेपर्यंत गेला तेव्हा बोटं तव्याला लागली.

हात मागं आला.

मी ओढला नव्हता. मी भाकरीकडं बघत होते. हात आपला आपण मागं आला, पाण्याची वाटी लवंडली, आणि मग बोटाच्या टोकाला काहीतरी झालं. एवढ्या दिवसांनी झाल्यामुळं ते काय आहे ते मला लगेच ओळखू आलं नाही.

रेखा पुढं आली. "आत्या, भाजलं?"

"भाजलं," मी म्हणाले.

दारातून यांनी विचारलं, "लई?"

"लई न्हाई."

हे वळले आणि गोठ्यात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. तिथं तेव्हा त्यांचं काही काम नव्हतं.

मी भाकरी उलटली, भाजली, गोविंदच्या ताटात वाढली. त्यानं भोगीच्या भाजीबरोबर खाल्ली. अर्धी झाल्यावर म्हणाला, "एका बाजूनं कच्ची हाय."

"मग बीडला जाऊन चांगली खा."

तो खाली बघून चावत राहिला. ताट पुसून झाल्यावर म्हणाला, "उद्या तिळगूळ खाऊन निघतो आमी दोघं." आणि बाहेर जाऊन त्यानं गाडीची मागची सीट सरळ केली. आवाज मला आत ऐकू आला.

आनंद झाला का, असं लोक विचारतात. तसा काही झाला नाही, खोटं कशाला लिहू. मी भांडी आवरली, तवा बाजूला केला. अंगणात ऊन आलं होतं, मी जाऊन पोत्यापाशी बसले. बोटाला बारीकसा फोड आला होता आणि तो ठणकत होता. एका बोंडाचं टोक लागलं, तेही जरासं कळलं, लांबून कुणीतरी हाक मारावी तेवढं.

रेखा मलम घेऊन आली, माझा हात तिनं मांडीवर घेतला.

"थांब जरा," मी म्हणाले. "दुखू दे थोडा वेळ."